एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी रिव्हॉल्व्हरांचा संग्रह

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी रिव्हॉल्व्हरांचा संग्रह हा प्राचीन शस्त्रांच्या संग्रहाचा एक स्वतंत्र विभाग आहे. साधारणतः इ.स. १८३६ ते १८९८ या काळात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तयार झालेली फिरत्या सिलिंडरची पिस्तुले मिळवणे, त्यांचा अभ्यास व पारख करणे आणि ती जतन करणे यांचा त्यात समावेश होतो. कोल्ट, रेमिंग्टन व स्मिथ अँड वेसन या तीन कंपन्यांची उत्पादने हा या संग्रहाचा मुख्य भाग असला, तरी अल्पकाळ चाललेल्या छोट्या कारखान्यांची शस्त्रेही अभ्यासकांना तितकीच महत्त्वाची वाटतात. नाणी किंवा टपाल तिकिटे यांच्या संग्रहाप्रमाणे येथेही दुर्मीळता व स्थिती यांवर मूल्य ठरते. परंतु या क्षेत्राचे मुख्य तत्त्व असे की, वस्तूचा मूळ पृष्ठभाग व तिच्यासोबत आलेली कागदपत्रे हाच तिचा खरा पुरावा होय. एकदा घासून, पॉलिश करून पुसला गेलेला पुरावा पुन्हा निर्माण करता येत नाही.

व्याख्या व मर्यादा

रिव्हॉल्व्हर म्हणजे एकाच नळीमागे अनेक कोठ्यांचे फिरते सिलिंडर असलेले हातातील शस्त्र. घोडा मागे ओढला की सिलिंडर एका कोठीइतके फिरते व पुढील बार नळीच्या रेषेत येतो. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी रिव्हॉल्व्हरांचे दोन मोठे वर्ग पडतात. पहिल्या वर्गात सुटी दारू व शिशाची गोळी पुढून ठासून, मागील बाजूस तांब्याची छोटी स्फोटक टोपी बसवावी लागत असे. दुसऱ्या वर्गातील रिव्हॉल्व्हरांत धातूचे तयार काडतूस मागून भरले जाई. यांशिवाय पहिल्या वर्गातील शस्त्रांचे कारखान्यातच दुसऱ्या वर्गात रूपांतर केल्याची उदाहरणे १८७०च्या दशकात मोठ्या प्रमाणावर आढळतात. संग्राहक त्यांचा तिसरा वर्ग मानतात.

१८९८ ही कालमर्यादा कायद्यातून आली आहे. अमेरिकेच्या १९६८च्या संघीय बंदूक नियंत्रण कायद्याने १८९८ किंवा त्यापूर्वी निर्माण झालेल्या शस्त्रास 'प्राचीन' ठरविले असून, आधुनिक शस्त्रांवरील बहुतेक संघीय निर्बंध त्यास लागू होत नाहीत.

निर्मितीचा इतिहास

कोल्ट

कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे जन्मलेल्या सॅम्युअल कोल्ट (१८१४–१८६२) याने २५ फेब्रुवारी १८३६ रोजी फिरत्या सिलिंडरच्या शस्त्राचे अमेरिकी पेटंट मिळवले. १८३० साली 'कॉर्व्हो' या जहाजावरून बोस्टनहून कलकत्त्याला जाताना त्याला ही कल्पना सुचली व त्याने लाकडात तिचा नमुना कोरला, असे सांगितले जाते. फिरते सिलिंडर ही कल्पना त्यापूर्वीही अस्तित्वात होती. घोडा ओढताच सिलिंडर फिरून नेमक्या जागी अडकेल अशी खात्रीची यंत्रणा देणे आणि पुढे तिचे यंत्रांवर मोठ्या प्रमाणात उत्पादन करणे, हे कोल्टचे कार्य होय.

त्याचा पहिला कारखाना न्यू जर्सीतील पॅटरसन येथे होता. तेथील पाच बारांच्या रिव्हॉल्व्हरांना संग्राहक 'पॅटरसन कोल्ट' म्हणतात. घोडा ओढल्यावरच बाहेर येणारा चाप ही त्यांची ओळखीची खूण होय. अशी तीन हजारांहून कमी रिव्हॉल्व्हरे तयार झाली आणि १८४२ मध्ये कारखाना बंद पडला. मात्र त्यांतील काही टेक्सासमधील रेंजर दलाच्या हाती पोचली होती व १८४४ मध्ये कोमांची योद्ध्यांशी झालेल्या चकमकीत त्यांचा प्रभाव दिसून आला. या अनुभवाच्या आधारे कॅप्टन सॅम्युअल वॉकर याने कोल्टला अधिक दणकट शस्त्र सुचवले. त्यातून १८४७ चे सहा बारांचे, .४४ व्यासाचे, सुमारे साडेचार पौंड वजनाचे 'वॉकर कोल्ट' जन्मास आले. कोल्टजवळ तेव्हा स्वतःचा कारखाना नसल्याने ते एली व्हिटनी (धाकटा) याच्या व्हिटनीव्हिल येथील कारखान्यात तयार झाले. लष्करासाठी १,००० व खाजगी विक्रीसाठी सुमारे १०० एवढेच त्याचे उत्पादन झाले. दारूचा बार मोठा आणि धातू पुरेसा मजबूत नसल्याने अनेकांची सिलिंडरे फुटली. त्यामुळे सुस्थितीतील वॉकर आज अत्यंत दुर्मीळ आहे.

वॉकरनंतर हार्टफर्ड येथे ड्रगून, १८४९ चे पॉकेट, १८५१ चे .३६ व्यासाचे नेव्ही आणि १८६० चे .४४ व्यासाचे आर्मी हे नमुने निघाले. नेव्हीचे हार्टफर्डमधील उत्पादन दोन लाखांच्या वर गेले. १८५३ ते १८५६ या काळात लंडन येथील कोल्टच्या कारखान्यातही त्याचे उत्पादन झाले. लंडनच्या नळीवरील पत्ता व ब्रिटिश चाचणीचे शिक्के वेगळे असल्याने तो संग्रहाचा एक उपविभागच मानला जातो. ४ फेब्रुवारी १८६४ रोजी हार्टफर्डच्या कारखान्यास लागलेल्या आगीत मोठे नुकसान झाले.

रेमिंग्टन

न्यूयॉर्क राज्यातील इलियन येथील रेमिंग्टन कारखान्याच्या रिव्हॉल्व्हरांत सिलिंडरवरून जाणारी पोलादी पट्टी असे. त्यामुळे वरून उघड्या असलेल्या कोल्टपेक्षा त्यांची चौकट भक्कम होती. नळीवर १४ सप्टेंबर १८५८ ही पेटंटची तारीख कोरलेली असल्याने 'न्यू मॉडेल आर्मी' हा नमुना '१८५८ चे रेमिंग्टन' म्हणून ओळखला जातो. प्रत्यक्षात त्याचे बहुतेक उत्पादन यादवी युद्धाच्या उत्तरार्धातील आहे. शस्त्रावर कोरलेली तारीख ही निर्मितीची तारीख नसते, हा नवख्या संग्राहकास मिळणारा पहिला धडा बहुधा याच नमुन्यापासून मिळतो.

स्मिथ अँड वेसन व रॉलिन व्हाइटचे पेटंट

सिलिंडरच्या कोठ्या आरपार पाडून मागून काडतूस भरण्याचे पेटंट रॉलिन व्हाइट याने ३ एप्रिल १८५५ रोजी मिळवले. होरॅस स्मिथ व डॅनियल वेसन यांनी प्रत्येक रिव्हॉल्व्हरमागे २५ सेंट देण्याच्या बोलीवर ते वापरण्याचा हक्क घेतला आणि १८५७ मध्ये .२२ व्यासाचे, सात बारांचे 'मॉडेल १' बाजारात आणले. मात्र पेटंटच्या रक्षणासाठी न्यायालयीन खर्च व्हाइटनेच करावा, अशी करारात अट होती. तो खटल्यांत गुंतून पडला. १८६९ मध्ये पेटंटची मुदत संपली. ती वाढवून मागण्याचा मार्ग खुला करणारे विधेयक राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी जानेवारी १८७० मध्ये नकाराधिकार वापरून परत पाठवले.

या पेटंटमुळे संग्राहकांसाठी एक रंजक विभाग निर्माण झाला. पेटंटला बगल देण्यासाठी मूर कंपनीने पुढून भरावयाचे, बुडाशी छोटी बोंडी असलेले 'टीट-फायर' काडतूस काढले, तर प्लँट कंपनीने 'कप-फायर' काडतूस काढले. खटला हरलेल्या काही उत्पादकांना आपल्या मालावर तो 'स्मिथ अँड वेसनसाठी तयार केला' अशा आशयाचा शिक्का मारावा लागला. ही शस्त्रे स्वस्त व साधी असली, तरी पेटंट कायद्याच्या इतिहासाचा तो हाती धरता येणारा पुरावा आहे.

पेटंटची मुदत संपल्यावर स्मिथ अँड वेसनचे मधोमध मोडून उघडणारे 'मॉडेल ३' (१८७०) व कोल्टचे 'सिंगल अ‍ॅक्शन आर्मी' (१८७३) हे मोठ्या व्यासाचे नमुने पुढे आले. 'पीसमेकर' या नावाने प्रसिद्ध असलेल्या दुसऱ्या नमुन्याचे उत्पादन दुसऱ्या महायुद्धापर्यंत चालू राहिले. त्यामुळे केवळ नमुन्यावरून त्यास 'प्राचीन' म्हणता येत नाही, चौकट १८९८ अखेरपर्यंत तयार झाली होती की नाही हे अनुक्रमांकावरून ठरवावे लागते.

दक्षिणेकडील राज्यांची रिव्हॉल्व्हरे

यादवी युद्धात (१८६१–१८६५) दक्षिणेकडील संघराज्यांजवळ मोठे शस्त्रकारखाने नव्हते. जॉर्जियातील ग्रिसवोल्डव्हिल येथे कापसातील सरकी काढण्याची यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यात कोल्ट नेव्हीची नक्कल तयार होऊ लागली. पोलाद अपुरे असल्याने चौकट पितळेची केली जाई व कामगारांत बहुसंख्य गुलाम होते. नोव्हेंबर १८६४ मध्ये उत्तरेच्या सैन्याने हा कारखाना जाळला. तोपर्यंत सुमारे ३,६०० रिव्हॉल्व्हरे तयार झाली होती. न्यू ऑर्लिअन्सच्या जाँ अलेक्झांद्र लेमॅट याचे नऊ बारांचे आणि मध्यभागी छऱ्यांची एक वेगळी नळी असलेले रिव्हॉल्व्हर बहुतांशी फ्रान्समध्ये तयार झाले. तथापि, अमेरिकी संग्रहात त्यास मानाचे स्थान आहे.

संग्रहाची परंपरा

यादवी युद्धानंतर सरकारने निकामी म्हणून विकलेली शस्त्रे न्यूयॉर्कच्या फ्रान्सिस बॅनरमन यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी घाऊक विकत घेतली व छापील सूचिपत्रांद्वारे किरकोळ किमतीस विकली. विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या अनेक संग्रहांचा पाया या स्वस्त मालावर घातला गेला. हार्टफर्डमध्ये कोल्टची पत्नी एलिझाबेथ हिने पतीचा व्यक्तिगत संग्रह सांभाळला. १९०५ मध्ये तिच्या मृत्यूनंतर तो वड्सवर्थ अ‍ॅथेनियम या संग्रहालयास मिळाला.

पद्धतशीर अभ्यासास १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या हेवन व बेल्डन यांच्या कोल्टविषयक ग्रंथाने चालना दिली. जॉन पार्सन्स यांचे 'द पीसमेकर अँड इट्स रायव्हल्स' (१९५०) व जेम्स सर्व्हन यांचे 'कोल्ट फायरआर्म्स' (१९५४) हे त्यानंतरचे महत्त्वाचे ग्रंथ होत. नॉर्म फ्लेडरमन यांची १९७७ मध्ये प्रथम निघालेली मार्गदर्शिका आजही नमुने ओळखण्यासाठी हाताशी ठेवली जाते. चित्रपट व दूरचित्रवाणीवरील 'वेस्टर्न' कथा आणि १९६१–६५ मधील यादवी युद्धाची शताब्दी यांमुळे सामान्य जनांतही हा छंद पसरला.

अस्सलपणाची पारख

अनुक्रमांक

कोल्टच्या टोपीच्या रिव्हॉल्व्हरांत चौकट, नळी, सिलिंडर, चापाभोवतीचे कडे, मुठीची पाठपट्टी अशा अनेक भागांवर अनुक्रमांक ठोकलेला असतो. सर्व भागांवरील क्रमांक जुळणे ही अस्सलपणाची महत्त्वाची कसोटी मानली जाते. वॉकर कोल्टवर नेहमीच्या क्रमांकाऐवजी ए ते ई या लष्करी कंपन्यांची अक्षरे व त्या त्या कंपनीतील क्रमांक आढळतात.

तथापि, ही कसोटी डोळे मिटून लावता येत नाही. १८९०च्या दशकात अमेरिकी सैन्याने आपली जुनी 'सिंगल अ‍ॅक्शन आर्मी' रिव्हॉल्व्हरे परत मागवून त्यांची साडेसात इंची नळी साडेपाच इंचांवर आणली. या कामात अनेक शस्त्रे एकाच वेळी सुटी करून पुन्हा जोडल्याने भागांची सरमिसळ झाली. संग्राहक ज्यास 'आर्टिलरी' नमुना म्हणतात, त्यातील बहुतेक अस्सल नगांचे क्रमांक त्यामुळे जुळत नाहीत. अशा नगाचे क्रमांक 'जुळवून देण्यासाठी' भाग बदलणे म्हणजे त्याचा लष्करी इतिहास पुसून टाकणे होय.

निरीक्षकांचे शिक्के

सरकारने विकत घेतलेल्या शस्त्रांच्या भागांवर व लाकडी मुठीवर निरीक्षकांची आद्याक्षरे उमटवली जात. ऑर्व्हिल एन्सवर्थ, डेव्हिड क्लार्क, हेन्री नेटलटन ही नावे 'सिंगल अ‍ॅक्शन आर्मी'च्या अभ्यासकांना परिचित आहेत. एन्सवर्थच्या तपासणीतील प्रारंभीची शस्त्रे १८७६ च्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत पराभूत झालेल्या सातव्या घोडदळ पलटणीकडे गेली असल्याने त्यांना विशेष मागणी असते. त्याच कारणाने त्याचे शिक्केही सर्वांत जास्त बनावट आढळतात.

पृष्ठभाग

मूळ निळसर झिलई, चौकटीवरील कठिणीकरणाचे रंगीबेरंगी ठसे, पितळी भागांवरील चांदीचा मुलामा आणि अक्रोडाच्या लाकडावरील वार्निश यांची झीज नैसर्गिक रीतीने ठराविक ठिकाणीच होते. म्यानात घासणाऱ्या नळीच्या टोकावर व सिलिंडरच्या कडांवर ती आधी दिसते, तर खाचाखोचांत मूळ रंग टिकून राहतो. खाचांतही सारखाच निळा रंग असेल, अक्षरांच्या कडा बोथट असतील किंवा स्क्रूच्या छिद्रांभोवती धातू बशीसारखा खोलगट झाला असेल, तर शस्त्र नंतर घासून रंगवले आहे असे समजतात.

कोल्टच्या सिलिंडरवर वॉटरमन ऑर्म्सबी याने तयार केलेली चित्रे रूळाने उमटवलेली असत. नेव्हीवर १८४३ मधील टेक्सास व मेक्सिको यांच्या आरमारांची लढाई, पॉकेटवर टपालगाडीवरील दरोडा, तर वॉकर व ड्रगूनवर रेंजर व मूलनिवासी यांची झुंज दिसते. या रेषा अतिशय उथळ असल्याने एका जोरदार पॉलिशनेही त्या नाहीशा होतात. म्हणून अनुभवी पारखी प्रथम सिलिंडरच न्याहाळतो.

कागदपत्रे

कोल्ट व स्मिथ अँड वेसन यांच्या जुन्या नोंदवह्यांच्या आधारे शुल्क भरून पत्र मिळवण्याची सोय आहे. शस्त्र कोणत्या दिवशी, कोणास, किती लांबीच्या नळीसह व कोणत्या झिलईत पाठवले, हे त्यातून कळते. कोल्टच्या टोपीच्या काळातील नोंदी मात्र थोड्याच उपलब्ध आहेत. शिवाय पत्र हे क्रमांकाविषयी असते, हाती असलेल्या वस्तूविषयी नव्हे. प्रसिद्ध क्रमांक दुसऱ्याच चौकटीवर ठोकलेला असू शकतो. त्यामुळे पत्र आणि वस्तू एकमेकांशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.

'हे पिस्तूल अमुक दरोडेखोराचे होते' अशी कौटुंबिक आख्यायिका समकालीन कागदपत्रांविना पुरावा मानली जात नाही. 'वस्तू विकत घ्या, गोष्ट नव्हे' अशा आशयाचा सल्ला या क्षेत्रात नवोदितांना दिला जातो.

स्थितीची श्रेणी

अमेरिकेत नॅशनल रायफल असोसिएशनची प्राचीन शस्त्रांसाठीची श्रेणीपद्धती सर्वत्र वापरली जाते. तिचे स्वरूप थोडक्यात असे :

फॅक्टरी न्यू : सर्व भाग व संपूर्ण झिलई मूळची.
एक्सलंट : सर्व भाग मूळचे व ८० टक्क्यांहून अधिक मूळ झिलई.
फाइन : सर्व भाग मूळचे व ३० टक्क्यांहून अधिक मूळ झिलई.
व्हेरी गुड : सर्व भाग मूळचे, झिलई ३० टक्क्यांपर्यंत किंवा मुळीच नाही, परंतु कडा व अक्षरे स्पष्ट.
गुड : काही किरकोळ भाग बदललेले, हलका गंज किंवा पुन्हा केलेली झिलई.
फेअर व पुअर : मुख्य भाग बदललेले, अक्षरे पुसट किंवा शस्त्र बहुतांशी निकामी.

झिलई मुळीच न उरलेले, तपकिरी पडलेले शस्त्र 'व्हेरी गुड' ठरू शकते आणि नव्याने रंगवलेले चकचकीत शस्त्र 'गुड'च्या वर जात नाही, हे या पद्धतीचे मर्म आहे.

बनावट व फेरफार

१९५०च्या दशकाच्या अखेरीपासून इटलीत टोपीच्या अमेरिकी रिव्हॉल्व्हरांच्या प्रतिकृती तयार होऊ लागल्या. प्रतिकृती म्हणून त्या निर्दोष आहेत. मात्र त्यांवरील इटालियन चाचणीचे शिक्के घासून, आम्लाने गंज चढवून त्या अस्सल म्हणून विकल्याची उदाहरणे आढळतात. पितळी चौकटीच्या प्रतिकृती दक्षिणेकडील राज्यांची शस्त्रे म्हणून खपवणे विशेष सोपे जाते. याखेरीज साध्या अस्सल शस्त्रावर नवे नक्षीकाम करणे, नागरी शस्त्रावर लष्करी शिक्के मारणे, कापलेली नळी लांब करणे हेही नेहमीचे प्रकार होत. शस्त्र पूर्णतः खरे व त्यावरील एकच शिक्का खोटा, अशी फसवणूक ओळखणे सर्वांत कठीण असते.

बाजार

विक्री प्रामुख्याने लिलावगृहे, संग्राहकांची प्रदर्शने व विशेष व्यापारी यांच्यामार्फत होते. मूळ पेटीसह टिकलेले, नागरी विक्रीतील एक वॉकर कोल्ट २०१८ मध्ये १८ लाख ४० हजार डॉलरना विकले गेले. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांची नक्षीदार रेमिंग्टन जोडी २०२२ मध्ये ५० लाख डॉलरच्या पुढे गेली. ज्या कोल्टने पॅट गॅरेट याने १४ जुलै १८८१ रोजी बिली द किड यास ठार केले, ते २०२१ मध्ये ६० लाख डॉलरहून अधिक किमतीस गेले. हे शेवटचे शस्त्र अगदी साधे, नक्षीविरहित आहे. त्याची किंमत ही मालकीच्या अखंड व लिखित परंपरेची किंमत होय. अशा विक्रमांवरून सर्वसाधारण बाजाराचा अंदाज मात्र करता येत नाही, कारण झिजलेली पॉकेट कोल्ट किंवा स्मिथ अँड वेसनची छोटी रिव्हॉल्व्हरे सामान्य संग्राहकाच्याही आवाक्यात असतात.

कायदा

संघीय कायद्याने सूट दिली असली, तरी अमेरिकेतील काही राज्ये व शहरे यांचे स्वतंत्र नियम अधिक कडक आहेत. भारतात १९५९ चा शस्त्र अधिनियम लागू होतो. जुन्या पद्धतीचे किंवा पुराणवस्तू म्हणून मूल्य असलेले शस्त्र या अधिनियमातून वगळले जाण्यासाठी ते दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशा अवस्थेत असावे लागते. केवळ शंभर-दीडशे वर्षे जुने असल्याने ते परवान्यातून सुटत नाही.

जतन

जुने रिव्हॉल्व्हर हाताळण्यापूर्वी ते भरलेले नाही याची खात्री करणे सर्वांत महत्त्वाचे आहे. कोठीत दीडशे वर्षांपूर्वी ठासलेली दारू कोरडी राहिल्यास अजूनही पेटू शकते. अशा शस्त्रातील बार घरी काढण्याचा प्रयत्न न करता ते जाणकाराकडे सोपवावे लागते. प्राचीन शस्त्र उडवून पाहणे हे धोक्याचे व वस्तूस हानिकारक मानले जाते.

घामातील क्षारांमुळे बोटांचे ठसे धातूवर कायमचे उमटतात, म्हणून हातमोजे वापरले जातात. हवेतील आर्द्रता सुमारे ५० टक्के व स्थिर ठेवल्यास धातू आणि लाकूड दोन्ही टिकतात. कातडी म्यानात शस्त्र ठेवू नये, कारण कातडे कमावताना वापरलेली द्रव्ये व त्यात साचलेला दमटपणा यांमुळे गंज चढतो. ओकच्या बंद पेटीत शिशाच्या गोळ्यांवर पांढरी भुकटी चढते, ती लाकडातून निघणाऱ्या आम्ल वाफांमुळे. गंज थांबवण्यापुरतेच तेल किंवा सूक्ष्मस्फटिकी मेण लावावे, तारेचा ब्रश व पॉलिश टाळावे, हा संग्रहालयांतील सर्वसंमत दंडक आहे.

प्रमुख संग्रहालये

हार्टफर्ड येथील वड्सवर्थ अ‍ॅथेनियम व म्युझियम ऑफ कनेक्टिकट हिस्टरी, वायोमिंगमधील कोडी फायरआर्म्स म्युझियम, लॉस एंजेलिस येथील ऑट्री म्युझियम आणि ओक्लाहोमातील जे. एम. डेव्हिस संग्रहालय यांत मोठे संग्रह आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्टमध्ये सोन्याचे जडावकाम केलेले कोल्ट ड्रगून आहे. त्याचा जोडीदार तुर्कस्तानचा सुलतान अब्दुल मजीद यास भेट देण्यात आला होता.

टीका व पुनर्विचार

या संग्रहावर घेतला जाणारा मुख्य आक्षेप असा की, हिंसेचे साधन शोभेची वस्तू बनते आणि त्यामागची माणसे विस्मरणात जातात. ड्रगूनच्या सिलिंडरवरील चित्रात पळणारे मूलनिवासी हे स्वतःच्या भूमीवरून हुसकले जाणारे लोक होते, आणि ग्रिसवोल्डव्हिलच्या पितळी चौकटी घडवणाऱ्या बहुतेक हातांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. या आक्षेपानंतर अनेक संग्रहालयांनी शस्त्रांच्या मांडणीत कामगार, मूलनिवासी व युद्धग्रस्त यांच्या माहितीस जागा दिली आहे. दुसरीकडे, अभ्यासकांच्या मते सुटे भाग परस्परांत बदलता येतील अशी निर्मितीपद्धती, पेटंटचे अर्थकारण, सरकारी खरेदी व पश्चिमेकडील विस्तार यांचा इतिहास या वस्तूंवर अक्षरशः ठोकलेला आहे. मात्र तो वाचता येण्यासाठी वस्तू अविकृत राहणे आवश्यक असते. म्हणूनच स्थिती, शिक्के व कागदपत्रे यांविषयीचा संग्राहकांचा काटेकोरपणा केवळ किमतीपुरता मर्यादित न राहता इतिहासलेखनाच्याही उपयोगी पडतो.